‘बाहेरून केलेली डिग्री चालत नाही’, असं कोण म्हणतं?

नोकरी सांभाळून सॉफ्टवेअरमध्ये शिरायचं म्हटलं की डोंबिवलीच्या फलाटावर एखादे काका हमखास ऐकवतात, “अरे, बाहेरून केलेल्या डिग्रीला कोण विचारतो?” नियम मात्र उलटं सांगतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, 2020 च्या नियमावलीनुसार मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या तोडीची आहे. सप्टेंबर 2022 मध्ये आयोगाने ते पुन्हा स्पष्ट केलं. मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण तर 1971 पासून चालू आहे.

मग हा समज इतका घट्ट का? माझ्या मते, इंजिनिअरिंगमुळे. नोव्हेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही अभिमत (डीम्ड) विद्यापीठांनी परवानगीविना दूरस्थ पद्धतीने दिलेल्या इंजिनिअरिंग पदव्यांवर कडक निकाल दिला. लोकांनी सगळ्यांनाच एका माळेत ओवलं. घरबसल्या बीटेक देतो म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा. बीसीए-एमसीए, म्हणजे कॉम्प्युटर अॅप्लिकेशन्सच्या पदव्या, त्यांची गोष्ट वेगळी.

फी भरण्याआधी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर विद्यापीठ, अभ्यासक्रम आणि प्रवेशाचं सत्र, तिन्ही जुळतात का बघा. मागच्या वर्षीची मान्यता यंदा असेलच असं नाही. एमसीएसाठी गणिताची अटही आधीच वाचा. कॉमर्सवाले तिथेच अडकतात.

काकांचं एक मात्र खरं, नुसत्या कागदावर काम मिळत नाही. मुलाखतीत मार्कशीट बाजूला सरकते आणि समोरचा म्हणतो, “या यादीतल्या दुबार नोंदी काढून दाखवा.” त्याचा सराव रात्री जेवणं आटोपल्यावर, लॅपटॉप उघडूनच करावा लागतो. लोकलमध्ये उभ्याने व्हिडिओ बघून तो होत नाही.