गिटारवरची बोटं आणि जपानी ॲनिमेची थ्रीडी वाट

‘गर्ल्स बँड क्राय’ ही तोएई ॲनिमेशनची 13 भागांची मालिका एप्रिल ते जून 2024 या काळात जपानी टीव्हीवर आली. कुमामोतोतलं शिक्षण अर्धवट टाकून निना नावाची मुलगी टोकियोजवळचं कावासाकी शहर गाठते, तिथे तिला गिटार वाजवणारी मोमोका भेटते आणि होता होता पाच जणींचा रॉक बँड उभा राहतो, एवढंच कथानक. मुख्य पात्रं मात्र थ्रीडीत घडवलेली. संगणकावरचं ॲनिमे म्हणजे चालत्या बाहुल्या, असा ग्रह करून बसलेल्यांनी ही जरूर बघावी. पण ती एकाएकी उपटलेली नाही. तिच्यामागे बऱ्याच वर्षांची खटपट आहे.

मूळ दुखणं बोटांचं. सेकंदाला 24 फ्रेम असल्या तरी हातानं काढताना एकेक चित्र सहसा दोन किंवा तीन फ्रेम धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला 12 किंवा 8 चित्रं. आता 180 बीपीएमचं, म्हणजे मिनिटाला 180 ठोक्यांचं गाणं घ्या. एका बीटला, म्हणजे ठोक्याला, 8 फ्रेम मिळतात. ड्रमरनं त्या बीटमध्ये स्नेअर या ड्रमवर चार फटके मारले, तर फटक्यामागे दोन फ्रेम, म्हणजे जेमतेम एक चित्र. स्टिक खाली टेकलेली दाखवली, तर ती वर उचललेली दाखवायला जागाच उरत नाही. त्यात गिटारच्या सहा तारा आणि दर कॉर्डला (एकत्र छेडायच्या सुरांना) बदलणारी डाव्या हाताची बोटं. म्हणूनच पूर्वी सोलो सुरू झाला रे झाला की कॅमेरा गायिकेच्या चेहऱ्यावर, नाहीतर थेट आभाळाकडे पळायचा!

काहींनी हातानंच ही लढाई लढली. क्योतो ॲनिमेशननं ‘हारुही सुझुमिया’च्या 2006 मधल्या मालिकेत शाळेच्या मेळाव्यातलं वादन बोटांबरहुकूम काढलं. 2012 च्या ‘साकामिची नो अपोलोन’साठी खऱ्या जॅझ वादकांचं वादन चित्रित करून त्याबरहुकूम रेखाटनं झाली. निकाल देखणा, पण दर आठवड्याला परवडणारा नाही.

थ्रीडी आलं ते वेगळ्याच दारानं, नाचाच्या. तोएईनंच 2009 मध्ये ‘फ्रेश प्रिक्युअर!’च्या शेवटच्या गाण्याला संगणकावर नाचणाऱ्या मुली दिल्या. 2013 च्या ‘लव्ह लाइव्ह!’मध्ये एकाच गाण्यात हाताची चित्रं आणि थ्रीडी आलटून पालटून येत. हा सांधा लगेच डोळ्यांत भरे: मुलगी तीच, पण चेहरा क्षणात गुळगुळीत. त्या मालिकेचे लेखक जुक्की हानादा आणि 2016 च्या ‘लव्ह लाइव्ह! सनशाइन!!’चे दिग्दर्शक काझुओ साकाई, हीच जोडी पुढे ‘गर्ल्स बँड क्राय’ला होती.

बँडपुरता पेच ‘बँग ड्रीम!’ या मुलींच्या बँडवरच्या मालिकेनं सोडवला. 2017 चा पहिला सीझन मुख्यतः हातानं काढलेला. 2019 चा दुसरा सानझिगेन स्टुडिओनं सगळाच थ्रीडीत केला. सगळंच थ्रीडी असलं की सांधा दिसण्याचा प्रश्नच येत नाही. त्याच मालिकेच्या 2023 मधल्या ‘इट्स मायगो!!!!!’पर्यंत त्यांचा हात इतका बसला की तिसरा भाग बहुतांश एका मुलीच्या डोळ्यांतून दाखवला.

मोशन कॅप्चर, म्हणजे खऱ्या वादकाच्या हालचाली नोंदवून पात्राला देणं, लावलं की काम फत्ते, असं मात्र नाही. गिटारच्या मानेआड बोटं झाकली जातात आणि त्यांची नोंद तुटते, मग ती हातानं दुरुस्त करावी लागतात. पात्राचे हात वादकाच्या हातांपेक्षा बारीक किंवा आखूड असले, तर बोट तारेवर न टेकता हवेत तरंगतं किंवा लाकडात शिरतं. केस गिटारच्या पट्ट्यातून आरपार जातात, ते वेगळंच. स्टिक ड्रमवर टेकण्याची फ्रेम आवाजाशी जुळावीच लागते. एका फ्रेमची चूक म्हणजे सुमारे 42 मिलिसेकंद. दोन-तीन फ्रेम घसरल्या की बघणाऱ्याला खटकतंच.

हात सुटले, तसा चेहरा अडला. खऱ्या प्रकाशाच्या हिशेबानं नाकागालावर पडणारी सावली ॲनिमे चेहऱ्यावर घाण दिसते, आणि समोरून गोड दिसणारं तोंड बाजूनं वेडंवाकडं. त्यामुळे कोनाप्रमाणे नाक, तोंड, हनुवटी सरकवून घ्यावी लागते. तोएईनं ‘गर्ल्स बँड क्राय’मध्ये सेलची (हातानं रंगवलेल्या जुन्या ॲनिमेची) नक्कल न करता पात्ररचनाकार नारी तेशिमा यांचं रंगीत चित्रच हलतं करायचं ठरवलं. निना चिडली की तिच्या अंगातून काटे फुटतात. थ्रीडी पात्राला इतकं बेधडक वाकवणं पूर्वी क्वचितच दिसे.

संगीताची बाजूही उलट्या क्रमानं उभी राहिली. आगेहास्प्रिंग्स व युनिव्हर्सल म्युझिक या संगीत कंपन्या आणि तोएई यांनी 2021 मध्ये ऑडिशन घेऊन आधी गाणाऱ्या-वाजवणाऱ्या पाच जणी निवडल्या. पात्रांना आवाजही त्यांचेच. तोगेनाशी तोगेआरी या नावानं त्यांचं पहिलं गाणं जुलै 2023 मध्ये आलं, मालिकेच्या आठ-नऊ महिने आधी. संवादांत पहिल्या काही भागांत जो थोडा खरखरीतपणा जाणवतो, तो मुरलेल्या व्हॉइस ॲक्टरकडून आला नसता.

दुसऱ्यांदा बघाल तेव्हा गाण्यात चेहऱ्यांकडे बघूच नका. ड्रमर सुबारूची स्टिक आणि मोमोकाचा डावा हात धरून ठेवा, आणि कॅमेरा किती वेळ तिथून हलत नाही ते मोजा.