वेब फ्रेमवर्कचे पुस्तकावरून अध्ययन

वेब ॲप्लिकेशन बांधण्यासाठी आयती मिळणारी कोडची चौकट, म्हणजेच वेब फ्रेमवर्क, एखाद्या प्रोग्रामिंगविषयक पुस्तकाच्या आधाराने शिकण्याची पद्धत. यात पुस्तक नुसते वाचणे अभिप्रेत नाही. पुस्तक उघडे ठेवून त्यातले ॲप्लिकेशन प्रकरणागणिक आपल्या संगणकावर स्वतःच्या हाताने उभे करीत जाणे, हा या पद्धतीचा गाभा होय. जँगो, रूबी ऑन रेल्स, स्प्रिंग, फ्लास्क, लाराव्हेल इ. फ्रेमवर्क अनेक प्रोग्रामर प्रथम याच वाटेने शिकले.

मराठीत ‘आवृत्ती’ हा शब्द पुस्तकालाही चालतो आणि सॉफ्टवेअरलाही. या विषयात दोन्ही अर्थ एकाच वाक्यात येतात व घोटाळा होतो. म्हणून या नोंदीत पुस्तकाची ती आवृत्ती आणि सॉफ्टवेअरचे ते व्हर्जन, असा भेद पाळला आहे.

नियंत्रणाची उलटापालट : भाषा किंवा लायब्ररी (तयार फंक्शनांचा, म्हणजे ठरावीक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्यांचा संग्रह) शिकण्यापेक्षा फ्रेमवर्क शिकणे अवघड का जाते, याचे उत्तर ‘नियंत्रण कोणाकडे?’ या प्रश्नात आहे. लायब्ररीतल्या फंक्शनला प्रोग्रामर हाक मारतो. फ्रेमवर्क मात्र प्रोग्रामरने लिहिलेल्या कोडला हाक मारते. ब्राउझरकडून आलेली विनंती स्वीकारणे, तिच्या पत्त्यावरून योग्य फंक्शन शोधणे, त्याला विनंतीचा तपशील पुरवणे आणि त्याने दिलेले उत्तर ब्राउझरकडे धाडणे, हे सगळे फ्रेमवर्कच करते. शिकणाऱ्याच्या हाती उरतात ते मधले तुकडे. पायथनचा लहानसा प्रोग्राम पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बोट ठेवून वाचता येतो. फ्रेमवर्कवर बांधलेल्या ॲप्लिकेशनची ‘पहिली ओळ’ शिकणाऱ्याने लिहिलेलीच नसते, त्यामुळे बोट कुठे ठेवायचे हाच पहिला प्रश्न होतो. चांगले पुस्तक याचे उत्तर देते. एका विनंतीचा प्रवास ते सलग सांगते आणि न दिसणारा भाग तेवढ्यापुरता दिसू लागतो.

या उलटापालटीला ‘इन्व्हर्जन ऑफ कंट्रोल’ म्हणतात. ही संज्ञा कोणाची, यावर मतभेद आहेत. राल्फ जॉन्सन व ब्रायन फूट यांनी १९८८ मध्ये पुनर्वापरयोग्य क्लासच्या (कोडमधील साच्यांच्या) रचनेवर लिहिलेल्या लेखाकडे बहुतेक लेखक बोट दाखवतात. फ्रेमवर्क बहुधा मुख्य प्रोग्रामची भूमिका घेते, असे त्या लेखात स्पष्ट म्हटले आहे. परंतु ही शब्दयोजना तेथे नवी संज्ञा म्हणून मांडलेली नाही, ती विवेचनाच्या ओघात येते. त्याआधी, १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात किंवा मध्याच्या सुमारास, झेरॉक्समधील मेसा या प्रोग्रामिंग पर्यावरणाविषयीच्या लेखनात ‘तुम्ही आम्हाला फोन करू नका, आम्हीच तुम्हाला करू’ या आशयाचा हॉलिवूडचा नियम आढळतो. काही जण आणखी मागे जाऊन मायकेल जॅक्सन या ब्रिटिश संगणकतज्ज्ञाच्या १९७५ मधील ‘प्रोग्राम इन्व्हर्जन’ या तंत्राशी संबंध जोडतात. ते तंत्र मुख्यतः दोन प्रोग्रामांच्या रचना एकमेकींशी जुळत नसतील तेव्हा एकाला दुसऱ्याचे उपांग बनवण्याचे होते. नात्याचे साम्य खरे, तरी त्याला थेट पूर्वज मानणे जरा धाडसाचे वाटते. येथे उल्लेखिलेले राल्फ जॉन्सन आणि पुढे येणारे रॉड जॉन्सन या दोन भिन्न व्यक्ती आहेत. संदर्भ तपासताना हे ध्यानात ठेवावे.

मॉडेल, व्ह्यू, कंट्रोलर : फ्रेमवर्कवरील बहुतेक पुस्तकांत पहिल्या दोन-तीन प्रकरणांतच तीन चौकोन आणि त्यांना जोडणारे बाण यांची आकृती येते. मॉडेल म्हणजे माहिती व तिचे नियम, व्ह्यू म्हणजे दिसणारे रूप, कंट्रोलर म्हणजे मधला सूत्रधार, असा तिचा नेहमीचा अर्थ सांगतात. ही विभागणी नॉर्वेचे ट्रिग्वे रेन्सकाउग यांची. १९७८-७९ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात पाहुणे संशोधक असताना त्यांनी ती टिपणांच्या रूपाने मांडली. मे १९७९ च्या टिपणात थिंग, मॉडेल, व्ह्यू व एडिटर असे चार घटक आहेत. १० डिसेंबर १९७९ च्या टिपणात मॉडेल, व्ह्यू व कंट्रोलर ही नावे स्थिरावलेली दिसतात. स्मॉलटॉक-८० या प्रोग्रामिंग भाषेत ही रचना प्रत्यक्षात आली आणि ग्लेन क्रॅस्नर व स्टीफन पोप यांच्या १९८८ च्या लेखाने ती सर्वदूर पोहोचली.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहिली पाहिजे. रेन्सकाउग यांचा कंट्रोलर माऊस व कीबोर्ड यांच्या हालचाली टिपणारा होता. पडद्यावरच्या प्रत्येक व्ह्यूला स्वतःचा कंट्रोलर असे आणि मॉडेल बदलले की व्ह्यूला लगेच कळत असे. वेबवर विनंती येते, उत्तर जाते आणि संबंध तिथेच संपतो. मॉडेल बदलल्याची खबर उघड्या पानाला आपोआप मिळत नाही. मग वेबवर हे नाव कसे आले? जावा सर्व्हर पेजेस या जावा भाषेतून वेब पाने तयार करण्याच्या तंत्राच्या १९९८ मधील प्रारूपात पाने रचण्याच्या दोन पद्धती दिल्या होत्या. त्यांतल्या दुसरीला पुढे ‘मॉडेल २’ म्हणू लागले आणि १९९९ च्या अखेरीस ती एमव्हीसीच (मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर) असल्याचे लिहिले गेले. २००० मध्ये क्रेग मॅकक्लॅनहन यांचे स्ट्रट्स हे जावाचे वेब फ्रेमवर्क अपाचे या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाकडे आले आणि हे समीकरण पक्के झाले. आज ‘वेब एमव्हीसी’ हा वेगळा प्रकार मानण्याकडे कल आहे व तोच अधिक सयुक्तिक दिसतो.

हा वाद निव्वळ इतिहासाचा नाही, शिकणाऱ्याला त्याचा रोज त्रास होतो. जँगोमध्ये ज्याला व्ह्यू म्हणतात ते काम रेल्समधला कंट्रोलर करतो, आणि रेल्समध्ये ज्याला व्ह्यू म्हणतात त्याला जँगोत टेम्प्लेट हे नाव आहे. कोणती माहिती दिसावी हे व्ह्यूने ठरवायचे आणि ती कशी दिसावी हे टेम्प्लेटने, अशी भूमिका जँगोच्या कर्त्यांनी घेतली व आपल्या रचनेला मॉडेल-टेम्प्लेट-व्ह्यू म्हणता येईल असे सुचवले. एका फ्रेमवर्कचे पुस्तक संपवून दुसऱ्याचे हाती घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी हा फरक कागदावर लिहून ठेवला, तर पुढचे काही आठवडे सुखाचे जातात.

पुस्तक आणि फ्रेमवर्क यांचे नाते : फ्रेमवर्क आधी आणि पुस्तक मागाहून, असा क्रम सर्वसाधारणपणे गृहीत धरला जातो. स्प्रिंगच्या बाबतीत तो उलटा आहे. रॉड जॉन्सन यांचे जे२ईई या जावाच्या मंचावर आधारित आरेखनाविषयीचे पुस्तक ऑक्टोबर २००२ मध्ये रॉक्स या प्रकाशनाने काढले. पुस्तकातले मुद्दे पटवण्यासाठी त्यांनी सुमारे ३०,००० ओळींचा कोड सोबत दिला होता. युर्गन हेलर आणि यान कॅरॉफ यांनी तो कोड मुक्त प्रकल्प म्हणून पुढे न्यावा असा आग्रह धरला. २००३ च्या जूनमध्ये त्याचे पहिले प्रकाशन झाले, मार्च २००४ मध्ये १.० हे व्हर्जन आले. स्प्रिंगचा जन्म नेमका कधीचा मानावा, यावर त्यामुळे दोन मते संभवतात. पुस्तकातील कोड हाच आरंभ धरला तर २००२, स्वतंत्र प्रकल्प धरला तर २००३. फ्रेमवर्कचे मुख्य तत्त्व पुस्तकातच मांडून झाले होते, हे पाहता पहिले मत डावलता येत नाही.

रेल्सची कथा निराळी. डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी बेसकॅम्प या ॲप्लिकेशनमधून रेल्स वेगळे काढले व जुलै २००४ मध्ये खुले केले. १.० व्हर्जन डिसेंबर २००५ चे. पण डेव्ह थॉमस व हॅन्सन यांचे पुस्तक त्याच्या काही महिने आधीच बाजारात होते. लिहिणे चालू असतानाच त्याच्या अपुऱ्या प्रकरणांची पीडीएफ प्रत विकली गेली आणि वाचकांनी दाखवलेल्या चुका छपाईआधी दुरुस्त झाल्या. प्रॅगमॅटिक बुकशेल्फ या प्रकाशनाच्या ‘बीटा बुक’ या प्रथेचा आरंभ तेथे झाला. अशा रीतीने फ्रेमवर्क स्थिरावण्यापूर्वीच शिकणाऱ्यांची एक पिढी तयार झाली.

मध्यवर्ती ॲप्लिकेशन : या पुस्तकांची रचना साधारणतः एकाच ॲप्लिकेशनभोवती गुंफलेली असते. रेल्सच्या वरील पुस्तकात ते ऑनलाइन दुकान आहे : वस्तूंची यादी, खरेदीची टोपली, मग मागणी नोंदवणे. अन्यत्र ब्लॉग, प्रश्नपेढी किंवा कामांची यादी असते. विषय किती आकर्षक आहे याला फारसे महत्त्व नाही. तो वाचकाला आधीच ठाऊक असला पाहिजे, म्हणजे लक्ष फ्रेमवर्कवर राहते.

पहिल्या प्रकरणात पडद्यावर नमस्काराची एक ओळ आणण्याची रीत सी भाषेवरील कर्निगन व रिची यांच्या १९७८ च्या पुस्तकामुळे रुळली. कर्निगन यांच्या त्याआधीच्या शिकवणी-टिपणांतही ती दिसते. सी भाषेत त्या नमस्काराला चार-पाच ओळी पुरतात. फ्रेमवर्कमध्ये तीच ओळ दाखवण्याआधी एका आज्ञेसरशी अनेक फायली तयार होतात, आणि त्यांतल्या बहुतेकींना अजून हात लावायचा नसतो. कोणती फाईल आज समजली पाहिजे व कोणती दहाव्या प्रकरणापर्यंत तशीच राहू द्यायची, हे सांगणे हेच लेखकाचे खरे कौशल्य. संदर्भपुस्तिकेत प्रत्येक फाईलचे वर्णन सापडते. क्रम सापडत नाही. क्रमासाठीच पुस्तक लागते.

कोड हाताने टंकावा की सोबतच्या संग्रहातून उचलावा, याविषयी प्रस्तुत लेखक टंकण्याच्या बाजूचा आहे. टंकताना चुका होतात, चुकांतून त्रुटिसंदेश येतात, आणि त्रुटिसंदेश वाचता येणे हे फ्रेमवर्क येण्याचे अर्धे अंग आहे. छापील पानाची मात्र एक अडचण ओळखून असावे. लांब ओळ पानात मावत नाही म्हणून मोडलेली असते व काही प्रकाशक तेथे बाणासारखी खूण घालतात. ती खूण कोडचा भाग नव्हे. पायथनमध्ये ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा अर्थपूर्ण असते, आणि पान उलटताना ती नजरेतून निसटते.

अध्ययनविषयक संशोधन : सोडवून दाखवलेल्या उदाहरणांवरून नवशिका अधिक लवकर शिकतो, असे जॉन स्वेलर व ग्रॅहम कूपर यांना १९८५ मध्ये बीजगणिताच्या अभ्यासात आढळले. मात्र जाणकार झाल्यावर तीच उदाहरणे अडसर ठरू लागतात, हे नंतरच्या संशोधनातून दिसले. जॉन कॅरोल यांनी १९९० मध्ये संगणकाच्या पुस्तिकांसाठी थोडके लिहिणे, खऱ्या कामाला लवकर भिडवणे आणि चूक झाल्यावर सावरण्याची वाट दाखवणे ही सूत्रे मांडली.

व्हर्जनचा प्रश्न : छापील आवृत्ती स्थिर असते, फ्रेमवर्क सरकत राहते. ॲड्रियन होलोव्हाटी व जेकब कॅप्लन-मॉस यांचे जँगोवरील पुस्तक डिसेंबर २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. जँगो १.० सप्टेंबर २००८ मध्ये आले आणि व्यवस्थापनाच्या पानांसाठीचा तपशील मॉडेलच्या पोटातून काढून वेगळ्या फाईलमध्ये ठेवणे भाग पडले. पुस्तकातला तो कोड त्यानंतर जसाच्या तसा चालेना. याच पुस्तकाचा मजकूर वेबवरही खुला होता, त्यामुळे तो अनेक वर्षे वाचला गेला व ही अडचणही तितकीच वर्षे भेटत राहिली. रेल्समध्ये फॉर्ममधून आलेली कोणती मूल्ये स्वीकारायची ते आधी मॉडेलमध्ये लिहीत. जून २०१३ च्या ४.० व्हर्जनपासून ते कंट्रोलरमध्ये आले. जँगो २.० मध्ये (डिसेंबर २०१७) ‘फॉरिन की’ (एका तक्त्यातून दुसऱ्यातील नोंदीकडे जाणारा दुवा) लिहिताना मूळ नोंद पुसली गेल्यास काय करायचे हे सांगणे सक्तीचे झाले. सप्टेंबर २०१६ मधले अँग्युलर २ तर आधीच्या अँग्युलरजेएसपासून इतके दुरावले, की जुन्या पुस्तकांतला कोड नव्यात जवळपास निरुपयोगी ठरला.

यावर खात्रीचा उपाय एकच : पुस्तक ज्या व्हर्जनवर लिहिले आहे नेमके तेच, वेगळ्या आभासी पर्यावरणात (संगणकावरील बाकी सॉफ्टवेअरपासून अलग ठेवलेल्या कप्प्यात), बसवावे. पुस्तक त्यावर पुरे करावे आणि मग बदलांची टिपणे वाचत एकेक व्हर्जन वर चढावे. नव्या व्हर्जनवर जुने पुस्तक चालवू पाहणाऱ्याला चूक आपली की काळाची हे कळत नाही, आणि नवशिका दोष स्वतःकडे घेतो. कित्येक जण येथेच शिकणे सोडतात, ही खेदाची गोष्ट आहे. जँगोचे नवे व्हर्जन साधारण दर आठ महिन्यांनी येते. त्यांतल्या दीर्घकालीन आधाराच्या व्हर्जनांना सुमारे तीन वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. पुस्तक निवडताना ते अशा व्हर्जनवर आहे का, हे मुखपृष्ठाइतकेच पाहण्याजोगे आहे.

ॲप्लिकेशन सर्व्हरवर चढवण्याचे प्रकरण बहुधा शेवटी असते व सर्वांत आधी शिळे होते, कारण ते फ्रेमवर्कपेक्षा बाहेरच्या सेवांवर अवलंबून असते. २०१० च्या दशकातील अनेक पुस्तकांनी त्यासाठी हेरोकू या सर्व्हर पुरवणाऱ्या सेवेची मोफत योजना धरली होती. ती योजना २८ नोव्हेंबर २०२२ पासून बंद झाली. त्या पुस्तकांतील अन्य प्रकरणे मूळ व्हर्जनवर अजूनही चालवून पाहता येतात. हे शेवटचे पाऊल मात्र वाचकाला दुसऱ्या सेवेवर टाकावे लागते.