५६०० की ५६००जी? बजेट गेमिंग पीसीत एका अक्षराने काय बदलतं

एएमडीचे दोन प्रोसेसर: रायझन ५ ५६०० आणि रायझन ५ ५६००जी. दोन्हींत सहा कोअर, बारा थ्रेड. दोन्हींची कमाल गती ४.४ गिगाहर्ट्झ, दोन्ही ६५ वॅटचे, दोन्ही एएम४ सॉकेटमध्ये बसतात आणि दोन्हींच्या खोक्यात तोच रेथ स्टेल्थ कूलर येतो. मूळ गती तर जीचीच जास्त: ३.९ गिगाहर्ट्झ, साध्या ५६००ची ३.५. शिवाय जीमध्ये ग्राफिक्स आतच आहे. मग कमी पैशात गेमिंगचा पीसी जुळवताना जी घेणं हा उघड फायद्याचा सौदा वाटतो. बारावीनंतर मुलाला संगणक घेऊन देणाऱ्या कितीतरी घरांत हा प्रोसेसर याच हिशोबाने येतो.

माझं मत असं आहे: ग्राफिक्स कार्ड आत्ताच किंवा येत्या काही महिन्यांत नक्की येणार असेल, तर जी घेऊ नका. कार्ड येणार नसेल, तर जी जरूर घ्या, पण मग रॅम आणि मदरबोर्ड त्याला साजेसे घ्या. घोळ होतो तो या दोन्हींच्या मधल्या जागेत, 'आत्ता जी घेऊ, पुढे कधीतरी कार्ड टाकू' या वाक्यात.

आकडे जवळजवळ सारखे असले तरी या दोन चिपा एकाच साच्यातल्या नाहीत. ५६००च्या झाकणाखाली सिलिकॉनचे दोन तुकडे असतात. एकात कोअर आणि ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी), दुसऱ्यात रॅम, कार्ड, यूएसबी वगैरेंशी बोलणारी यंत्रणा. ५६००जीमध्ये सगळं एकाच तुकड्यात आहे, आणि हा तुकडा मुळात लॅपटॉपसाठी बनवलेला. त्यातच वेगा ग्राफिक्सची सात युनिट बसवायची, तर जागा कुठून तरी काढायला हवी. ती कॅशमधून काढली गेली: ३२ एमबीच्या जागी १६. आणि ग्राफिक्स कार्डाकडे जाणारा मार्ग पीसीआय एक्सप्रेस ४.०ऐवजी ३.० ठेवला गेला, कारण लॅपटॉपमध्ये त्याहून वेगवान मार्गाची फारशी गरज नव्हती आणि वीज वाचवणं महत्त्वाचं होतं.

कॅश निम्मी झाली तर वर्ड, एक्सेल किंवा ब्राउझरमध्ये तुम्हाला काही जाणवणार नाही. खेळात मात्र जाणवतं. प्रत्येक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचं एकेक चित्र, तयार होताना प्रोसेसरला शेकडो वस्तूंची माहिती लागते: कोणता खेळाडू कुठे आहे, गोळी कुठे चालली आहे, दार उघडं आहे की बंद. ही माहिती मेमरीत विखुरलेली असते. ती एल३मध्ये सापडली तर दहाएक नॅनोसेकंदांत हाती येते, नाही तर रॅमपर्यंत जावं लागतं आणि तिथे साठ-सत्तर नॅनोसेकंद जातात. हे प्रत्येक फ्रेममध्ये असंख्य वेळा घडतं. म्हणून चांगलं ग्राफिक्स कार्ड लावून १०८०पीवर (फुल एचडी) खेळ चालवले, तर ५६००जी साध्या ५६००च्या साधारण १० ते १५ टक्के मागे राहतो. जिथे सगळा भार कार्डावरच असतो अशा खेळांत फरक कमी दिसतो, आणि व्हॅलोरंट किंवा सीएस२ (काउंटर-स्ट्राइक २) सारख्या, प्रोसेसरला पळवणाऱ्या खेळांत जास्त. १० टक्के हा जीवघेणा फरक नाही. पण जे आतलं ग्राफिक्स एकदा कार्ड आलं की रिकामं बसणार आहे, त्यासाठी हा वेग का सोडायचा, हा माझा प्रश्न आहे.

जीची एवढी शिफारस का होत राहते, तेही सांगतो, कारण ती मुळात चुकीची नव्हती. ५६००जी ऑगस्ट २०२१मध्ये सुट्या विक्रीला आला. तेव्हा ग्राफिक्स कार्डं मिळत नव्हती आणि मिळाली तर छापील किमतीच्या दुप्पट भावाने. कोविडमुळे पुरवठा तुटला होता आणि इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंगवाले, म्हणजे कार्डांवर गणितं चालवून ते चलन कमावणारे, होती ती कार्डं उचलत होते. त्या काळात 'आत्ता आतल्या ग्राफिक्सवर खेळ, भाव उतरले की कार्ड घे' यापेक्षा शहाणा सल्ला नव्हता. साधा ५६०० तर बाजारात एप्रिल २०२२मध्ये आला, त्याआधी महाग ५६००एक्सच होता. पुढे सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियमने मायनिंगची पद्धतच बंद केली आणि कार्डांचा बाजार निवळला. परिस्थिती बदलली, पण कोटेशनचा नमुना तोच राहिला.

तो नमुना जवळून बघा. ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवरचं दुकान असो की तालुक्याच्या गावातलं, व्हॉट्सॲपवर येणारा बजेट गेमिंगचा कागद बहुतेक असा असतो: रायझन ५ ५६००जी, ए५२० मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर४ रॅम एक, ५०० जीबी एनव्हीएमई (साठवणीची ड्राइव्ह), ४५० वॅट एसएमपीएस (वीजपुरवठा), आरजीबी पंख्यांचं कॅबिनेट. खाली एक ओळ: 'पुढे ग्राफिक्स कार्ड टाकता येईल.' या कागदावर सगळ्यात जास्त नुकसान करणारी ओळ प्रोसेसरची नाही, रॅमची आहे.

आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते. ते रॅममधलाच हिस्सा वापरतं, आणि त्या रॅमचा वेगच त्याची मर्यादा ठरवतो. डीडीआर४ ३२००ची एकच स्टिक असेल तर प्रोसेसर आणि ग्राफिक्स मिळून सेकंदाला २५.६ जीबी वाटून घेतात. दोन स्टिक लावल्या, म्हणजे ड्युअल चॅनेल चालू झालं, की तेच ५१.२ होतं. आरएक्स ६६००सारख्या कार्डाला त्याच्या स्वतःच्या मेमरीतून २२४ जीबी मिळतात, त्याला कुणाशी वाटून घ्यावं लागत नाही. म्हणून जीवर एका स्टिकऐवजी दोन लावल्यावर खेळ एक-तृतीयांशाने, कधी त्याहूनही जास्त वेगाने चालतात. एवढ्या थोड्या पैशात एवढा फरक संपूर्ण पीसीत दुसरीकडे कुठेही मिळत नाही. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले, तेव्हा एकच स्टिक घेऊन भागवायचा मोह वाढला आहे हे खरं, पण जी घेत असाल तर १६ची एक घेण्यापेक्षा ८च्या दोन घ्या. आणि फक्त ८ जीबी नकोच: त्यातले दोनेक जीबी ग्राफिक्सने घेतले की विंडोज आणि खेळ उरलेल्या सहात धडपडतात.

दुसरी गोष्ट बायोसमधली, म्हणजे मदरबोर्डाच्या सेटिंगमधली. ३२००ची रॅम विकत घेतली तरी कित्येक स्टिक सुरुवातीला २१३३, २४०० किंवा २६६६वरच चालतात. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करावं लागतं. काही बोर्डांवर त्याला डीओसीपी म्हणतात. दुकानातून असेंबल होऊन आलेल्या पीसीत हे पुष्कळदा बंदच असतं. साध्या ५६००ला याचा थोडा फायदा होतो, जीला भरपूर.

एवढं नीट केलं, तर जी काय देतो? व्हॅलोरंट १०८०पीवर, सेटिंग कमी ठेवून, शंभर एफपीएसच्या (सेकंदाला शंभर फ्रेमच्या) पुढे. जीटीए ५ कमी ते मध्यम सेटिंगवर चांगला चालतो. जुने खेळ, इंडी खेळ, फुटबॉल, क्रिकेट, सगळं आरामात. सायबरपंकसारखा भारी खेळ उघडेल, पण १०८०पीवर खेळण्याजोगा राहणार नाही. आणि काही नवे खेळ सुरूच होणार नाहीत: डूम: द डार्क एजेसला हार्डवेअर रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचं गणित करणारी यंत्रणा) लागतं, ते वेगा ग्राफिक्समध्ये नाही. एएमडीनेही वेगा ग्राफिक्सचे ड्रायव्हर आता वेगळ्या, संथ मार्गावर टाकले आहेत. आज जी घेणाऱ्याने आजच्या आणि कालच्या खेळांसाठी घ्यावा, पुढे येणाऱ्या मोठ्या खेळांच्या आशेवर नको.

हे ऐकून जी वाईट आहे असं कुणी समजू नये. घरात एकच संगणक, त्यावर मुलीचं डिप्लोमाचं ऑटोकॅड, बाबांची टॅलीची कामं आणि रात्री दोन तास व्हॅलोरंट, एवढीच गरज असेल, तर जी फार चांगला प्रोसेसर आहे. वीज कमी खातो, लहान यूपीएसवर चालतो, कॅबिनेट गरम होत नाही. आणि ज्यांच्याकडे कार्ड आहे त्यांनाही एक सोय मिळते: कार्ड वॉरंटीत दुरुस्तीला गेलं आणि आठवडे लागले, तर संगणक बंद पडत नाही. साध्या ५६००वाल्याचा पीसी तेव्हा नुसता उभा राहतो, कारण त्याच्या मदरबोर्डाचं एचडीएमआय हे फक्त भोक असतं, त्यातून चित्र येत नाही. नवीन पीसी 'डेड' आहे म्हणून परत नेणाऱ्यांपैकी काहींची अडचण एवढीच असते की केबल कार्डात लावण्याऐवजी मदरबोर्डात लावलेली असते.

आता 'पुढे टाकू' या कार्डाचं. जीवर कोणतं कार्ड टाकता हे फार महत्त्वाचं आहे, आणि इथे स्वस्त कार्डच जास्त फसवतं. आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड प्रोसेसरशी फक्त चार लेनने, म्हणजे त्या मार्गाच्या चार पट्ट्यांनी, जोडलं जातं. पीसीआय एक्सप्रेस ४.०वर त्या चार लेन कशाबशा पुरतात. जीवर मार्ग ३.०चा, म्हणजे प्रत्येक लेनचा वेग निम्मा. कार्डात मेमरी ४ जीबीच, ती भरली की ते सतत रॅमकडे धावतं, आणि धावायची वाट अशी अरुंद. खेळ मध्येच अडखळतो, एफपीएस खाली येतात. आरएक्स ६४००चंही तसंच. उलट आरएक्स ६६००ला आठ लेन आणि ८ जीबी मेमरी आहे, ते ३.०वर थोडंसंच मागे पडतं. तेव्हा जी आधीच घरात असेल, तर चार लेनच्या कार्डाकडे वळू नका. थोडं थांबून आठ लेनचं, ८ जीबीचं घ्या.

एक पोटनियम मात्र आहे. ५६०० घेतला म्हणजे ४.० आपोआप मिळतं असं नाही. मदरबोर्डही तसा हवा: बी५५०वर मिळतं, ए५२० आणि बी४५०वर दोन्ही प्रोसेसर ३.०वरच चालतात. वरच्या कोटेशनमध्ये ए५२० ठेवून फक्त जी काढला, तर ३२ एमबी कॅशचा फायदा मिळेल, रुंद वाटेचा नाही. आरएक्स ६६०० घेणार असाल तर तेवढंही पुरेसं आहे. ए५२०वर पैसे वाचवून ते कार्डात घाला, मला त्यात काही वावगं दिसत नाही.

आणि आता यातला खरा सापळा: रायझन ५ ५५००. नावात जी नाही, ग्राफिक्सही नाही, म्हणून लोक त्याला ५६००चा धाकटा भाऊ समजून घेतात. प्रत्यक्षात तो जीचीच चिप आहे, ग्राफिक्स बंद करून विकलेली. १६ एमबी कॅश, ३.०चा मार्ग, कमाल गती ४.२. म्हणजे जीचे सगळे तोटे आणि जीचा एकमेव फायदा गायब. तो पुरेसा स्वस्त मिळत असेल आणि कार्ड जवळ असेल तरच घ्यावा. जानेवारी २०२४मध्ये आलेला ५६००जीटी हाही जीच, कमाल गती जराशी वाढवलेला.

पीसी घरी आल्यावर खात्री करायला खोकं शोधायची गरज नाही. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा. खाली एल३ कॅशसमोर ३२.० एमबी असेल तर तो खरा ५६००, १६.० असेल तर जी किंवा ५५००च्या घराण्यातला. तिथेच मेमरीवर गेलात तर किती स्लॉट वापरात आहेत आणि रॅम कोणत्या वेगाने चालते आहे तेही दिसतं. दुकानातून बाहेर पडण्याआधीच पाहून घेतलेलं बरं. प्रोसेसर बॉक्समधला आहे की ट्रेमधला (खोक्याशिवाय सुटा), हेही बिलावर लिहून घ्या: बॉक्सला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते, ट्रेला बहुधा दुकानदार देईल तेवढीच.

इंटेलकडे हा प्रश्न फार सोपा आहे. आय३ १२१०० आणि १२१००एफ यांत चार कोअर, आठ थ्रेड, १२ एमबी एल३ सगळं तेच. एफमध्ये फक्त आतलं ग्राफिक्स बंद असतं. आणि जे आहे ते यूएचडी ७३०, पडद्यावर चित्र आणण्यापुरतं, खेळण्याजोगं नाही. कार्ड घेणार असाल तर दोन्हींच्या किमतीतला फरक बघून ठरवा, वेगाचा विचार करायचं कारण नाही. एएमडीची सवय इंटेलला आणि इंटेलची एएमडीला लावली की चूक होते.

एएम५वर, म्हणजे एएमडीच्या नव्या सॉकेटवर, आणखी वेगळं. तिथल्या रायझन ५ ७६००मध्ये जी नसूनही चित्र दाखवण्यापुरतं ग्राफिक्स आहे, त्यामुळे कार्ड दुरुस्तीला गेलं तरी पीसी चालतो. ७५००एफमध्ये ते नाही. ८६००जीमधलं रेडिऑन ७६०एम हे वेगा ग्राफिक्सच्या खूप पुढे आहे, पण कॅश तिथेही १६ एमबी आणि कार्डासाठी आठच लेन. ८५००जीला तर कार्डासाठी चारच लेन आहेत. त्यात पुढे कार्ड टाकायचा बेत असेल, तर ८५००जी कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.