द टेल्स ऑफ हॉफमन (चित्रपट)

टेल्स ऑफ हॉफमन, द : संपूर्ण गायलेला आणि बव्हंशी नाचलेला ब्रिटिश रंगीत चित्रपट (1951). लेखन, निर्मिती व दिग्दर्शन मायकेल पॉवेल व एमेरिक प्रेसबर्गर या जोडीचे. झाक ऑफेनबाख (1819–80) या संगीतकाराच्या अखेरच्या संगीतिकेवर तो आधारलेला आहे. चित्रपटात बोललेला संवाद नाही. मूळ निगेटिव्हवरून केलेली त्याची नवी प्रत 2015 मध्ये प्रदर्शित झाली. तेव्हापासून हा चित्रपट संगीतिका, बॅले आणि सिनेमा या तिन्हींच्या अभ्यासकांत नव्याने चर्चेत आला. त्याचे आजचे आकर्षण केवळ उजळलेल्या रंगांत नाही. ज्या संगीतिकेची अंतिम संहिता कधी सिद्धच झाली नाही तिच्यावरचा हा चित्रपट स्वतःही कापाकापीतून गेला, आणि त्याचे हरवलेले तुकडे परत जोडताना मूळ संगीतिकेच्या संपादकांना पडलेलेच प्रश्न पुन्हा उभे राहिले.

मूळ संगीतिका : एर्न्स्ट टेओडोर आमाडेउस हॉफमन (1776–1822) या जर्मन लेखकाच्या अद्‌भुत कथांवरून झ्यूल बार्बिए व मिशेल कारे यांनी 1851 मध्ये फ्रेंच नाटक लिहिले. त्यात हॉफमनलाच नायक केले होते. ऑलिम्पिया, अंतोनिया आणि ज्युलिएत्ता या आपल्या तीन प्रेयसींच्या कथा तो सांगतो, प्रत्येकीचा एक अंक. या नाटकाची संगीतिका-संहिता पुढे बार्बिएने रचली. ऑफेनबाख 5 ऑक्टोबर 1880 रोजी वारला, तेव्हा रचना अपुरी होती. एर्नेस्ट गिरो याने ती रंगभूमीवर आणण्याजोगी केली आणि 10 फेब्रुवारी 1881 रोजी पॅरिसच्या ऑपेरा-कॉमिकमध्ये पहिला प्रयोग झाला. त्या प्रयोगात व्हेनिसचा, म्हणजे ज्युलिएत्ताचा, अंक गाळलेला होता. त्यातले प्रसिद्ध नौकागीत (बारकारोल) मात्र दुसऱ्या ठिकाणी वापरले गेले. हे गीत या संगीतिकेसाठी रचलेले नाही, ऑफेनबाखच्याच 1864 च्या व्हिएन्नातील संगीतिकेतून ते उचललेले आहे, याबद्दल दुमत नाही.

मतभेद आहेत ते पुढच्या भरीबद्दल. व्हिएन्नातील प्रयोगासाठी गिरोने बोललेल्या संवादांच्या जागी गायलेले संवाद घातले. तेथील रिंगथिएटरला 8 डिसेंबर 1881 रोजी, दुसऱ्या प्रयोगाच्या संध्याकाळी, भीषण आग लागली आणि कित्येक वर्षे ही संगीतिका अपशकुनी मानली गेली. 1887 मध्ये ऑपेरा-कॉमिकही जळाले. वाद्यवृंदाची मूळ बाडे त्या आगीत गेली असे सामान्यतः सांगितले जाते, परंतु नंतर हाती आलेली हस्तलिखिते पाहता नुकसान समजले जाते तितके सर्वस्वी नसावे. माँटे कार्लो येथील 1904 च्या प्रयोगात हिऱ्याचे गाणे आणि सप्तगान हे दोन भाग आले. पहिल्याची चाल ऑफेनबाखच्या दुसऱ्या एका कृतीतली आहे, तर दुसरा बहुधा त्याचा नव्हेच. शूदां या प्रकाशकाच्या 1907 च्या आवृत्तीने हे सारे पक्के केले आणि निदान 70 वर्षे तीच चालत राहिली. 1970 च्या दशकात अंतोनियो द अल्मेडा यांना सापडलेल्या कागदपत्रांवरून फ्रिट्झ ओझर यांनी नवी आवृत्ती केली. पुढे मायकेल के व झाँ-क्रिस्तॉफ केक यांनी आणखी हस्तलिखितांच्या आधारे तीही सुधारली. ओझर यांनी आपल्याकडून बरीच भर घातल्याचा आक्षेप आहे आणि तो ग्राह्य वाटतो.

अंकांच्या क्रमाचा वाद चित्रपटाला थेट भिडतो. बार्बिए व ऑफेनबाख यांचा क्रम ऑलिम्पिया, अंतोनिया, ज्युलिएत्ता असा होता, म्हणजे बाहुली, कलावती आणि गणिका. रूढ आवृत्तीत ज्युलिएत्ता मधे आली. चित्रपटाने रूढ क्रमच पाळला. 1950 साली दुसरी विश्वासार्ह संहिता उपलब्ध नव्हती, त्यामुळे याला दोष देणे रास्त नाही. उलट, गाणारी अंतोनिया शेवटी आल्यामुळे नृत्याकडून गाण्याकडे जाणारी एक चढण चित्रपटाला मिळाली. ती हेतुपुरस्सर असो वा नसो, पडद्यावर ती जाणवते.

रचनापद्धती : पॉवेल ज्याला ‘कंपोज्ड फिल्म’, म्हणजे आधी स्वरबद्ध केलेला चित्रपट, म्हणे त्याचे हे सर्वांत पूर्ण उदाहरण. नेहमीच्या पद्धतीत चित्रण आधी होते आणि पार्श्वसंगीत मागून येते. येथे क्रम उलटा आहे. सर टॉमस बीचम यांच्या संचालनाखाली रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा व गायक यांचे ध्वनिमुद्रण आधी पूर्ण झाले आणि मग त्या ध्वनिफितीवर शेपर्टन स्टुडिओत चित्रण झाले. ही कल्पना पॉवेलला कोठून सुचली याविषयी तो स्वतः फ्रीड्रिख फेहेर याच्या 1936 च्या एका संगीतमय चित्रपटाचे ऋण मान्य करतो. याच जोडीच्या 1947 च्या ‘ब्लॅक नार्सिसस’मधील अखेरचा काही मिनिटांचा भाग असा चित्रित झाला होता. 1948 च्या ‘द रेड शूज’मधील बॅलेत तो प्रयोग वाढला आणि येथे सबंध चित्रपटाला पुरला. बर्लिनमध्ये चित्रपटलेखनाचे धडे घेतलेल्या प्रेसबर्गरचा वाटा या वळणात अभ्यासक सांगतात त्याहून मोठा असावा.

या पद्धतीचा लाभ अगदी व्यवहारी होता. चित्रणस्थळी आवाज टिपायचा नसल्याने कॅमेऱ्याला त्याची घरघर झाकणाऱ्या अवजड पेटीची गरज उरली नाही. टेक्निकलर या रंगीत चित्रणपद्धतीचा धूड कॅमेरा त्यामुळे मूकपटाच्या दिवसांसारखा मोकळा फिरू लागला. छायालेखक क्रिस्तोफर चॅलिस, संकलक रेजिनाल्ड मिल्स.

कलावंत व आवाज : नायक रॉबर्ट राउन्सव्हिल आणि अंतोनिया झालेल्या ॲन एअर्स हे दोघेच प्रमुख कलावंत स्वतःच्या गळ्याने गायले. बाकीचे नर्तक वा नट होते आणि त्यांना आवाज इतरांनी दिला. ऑलिम्पिया आणि हॉफमनची आताची प्रेयसी स्टेला या भूमिका मोइरा शिअरर यांच्या. ऑलिम्पियाचा आवाज डॉरथी बाँड यांचा. ज्युलिएत्ता ल्युदमिला चेरिना, आवाज मार्गेरिता ग्रांदी. चारही खलपुरुष रॉबर्ट हेल्पमन यांनी केले, आवाज ब्रूस डार्गावेल. हॉफमनचा सोबती निकलाउस पामेला ब्राउन, आवाज मोनिका सिंक्लेअर. लेओनिद मासीन तीन भूमिकांत आहेत. नृत्यरचना फ्रेडरिक ॲश्टन यांची. ते स्वतःही पडद्यावर दिसतात. इंग्रजी पदरचना डेनिस ॲरंडेल यांची. एकाचा देह आणि दुसऱ्याचा गळा ही व्यवस्था युरोपीय संगीतिकेच्या चाहत्यांना खटकली. पार्श्वगायनावर वाढलेल्या मराठी प्रेक्षकाला तीत नवल वाटण्यासारखे काही नाही. ओठांच्या हालचाली जुळतात की नाही हे न पाहता देह सुरात आहे की नाही हे पाहण्याची सवय त्याला आधीपासून असते.

मूळ संगीतिकेत स्टेला गायिका आहे. चित्रपटाने तिला नर्तकी केले आणि आरंभी चतुर या कीटकाच्या रूपातील एक स्वतंत्र बॅले घातला. या एका बदलाने संगीतिकेचा तोल नृत्याकडे झुकवला.

नेपथ्य व रंगयोजना : हाइन हेकरोट हे मूळचे जर्मन चित्रकार. नृत्यनाट्यांच्या नेपथ्यात त्यांचा हात तयार झाला होता. त्यांनी प्रत्येक अंकाला एक प्रधान रंग दिला : ऑलिम्पियाला पिवळा, ज्युलिएत्ताला लाल, अंतोनियाला निळा. भिंतींऐवजी जागोजागी झिरझिरीत पडदे आहेत.

ऑलिम्पियाच्या अंकातील एक जागा जवळून पाहण्यासारखी आहे. कोपेलियस हा खलपुरुष हॉफमनला जादूचा चष्मा देतो. तो डोळ्यांवर चढताच दोरीच्या बाहुल्या जित्याजागत्या माणसांसारख्या दिसू लागतात. शिअरर यांची बाहुली गाता गाता मंदावते, मान कलते, आणि कोणी किल्ली फिरवली की पुन्हा उसळते. गायिकेने स्वर उतरवत नेलेला आणि नर्तकीने तोच उतार कंबरेतून, मनगटातून दाखवलेला, असे दोघींचे काम एका क्षणी एकजीव होते. मग भांडणात बाहुलीची मोडतोड होते. पाय एकटाच नाचत राहतो, आणि जमिनीवर पडलेल्या शिरातून स्प्रिंगा बाहेर आलेल्या असताना पापण्या लवत राहतात. लहान मुलांना हा प्रसंग भीतिदायक वाटतो. मोठ्यांनाही वाटावा, कारण तो चेहरा नुकताच इतका सुंदर दिसलेला असतो.

ज्युलिएत्ताच्या अंकात दापेर्तुत्तो हा खलपुरुष मेणबत्त्यांचे ओघळलेले मेण हातात घेऊन त्याची रत्ने करतो. हॉफमन व ज्युलिएत्ताचा दुसरा प्रियकर श्लेमिल यांचे द्वंद्व गोंदोल्यात, म्हणजे व्हेनिसच्या नावेत, होते, पण तलवारींचा खणखणाट ऐकू येत नाही, संथ नौकागीत तेवढे चालू असते. ध्वनी आधी ठरलेला असणे म्हणजे काय ते या प्रसंगात सर्वांत स्वच्छ कळते. हिंसेला स्वतःचा आवाज नाही, म्हणून ती स्वप्नातल्यासारखी अटळ वाटते. अंतोनियाचा अंक ग्रीक बेटावर घडतो. गाणे तिच्या जिवावर बेतणारे आहे आणि मृत आईचा पुतळा तिला गायला लावतो. नृत्य येथे कमी असल्याने काही समीक्षकांना हा अंक सैल वाटतो.

प्रदर्शन व स्वागत : चित्रपट एप्रिल 1951 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरा हाउसमध्ये प्रथम दाखवला गेला. त्याच वर्षी कान महोत्सवात त्याला विशेष पारितोषिक आणि पहिल्या बर्लिन महोत्सवात संगीतपटांच्या विभागातील रौप्य अस्वल मिळाले. हेकरोट यांना कलादिग्दर्शन व वेशभूषा अशी दोन ऑस्कर नामांकने होती. लंडन फिल्म्स या संस्थेचे प्रमुख अलेक्झांडर कोर्डा यांनी तिसरा अंक वगळण्याचा आग्रह धरला आणि त्यावरून बेबनाव झाला, असे पॉवेल आत्मचरित्रात सांगतो. ही एका पक्षाची हकिकत आहे. मात्र चित्रपट पुढे आखूड स्वरूपात फिरला एवढे निश्चित. अमेरिकन दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसी यांनी बालपणी तो दूरचित्रवाणीवर, तोही कृष्णधवल, पाहिला. रंग नसतानाही कॅमेऱ्याची आणि देहाची लय त्यांच्या मनात ठसली. 1976 च्या ‘टॅक्सी ड्रायव्हर’मधील नायकाच्या डोळ्यांच्या निकटदृश्यांमागे हेल्पमन यांचे डोळे आहेत, असे ते सांगत आले आहेत. जॉर्ज रोमेरो या भयपटांच्या दिग्दर्शकाचाही हा अत्यंत आवडता चित्रपट होता.

पुनःस्थापन : टेक्निकलरच्या कॅमेऱ्यात लोलकाने प्रकाश विभागून तीन वेगवेगळ्या कृष्णधवल निगेटिव्हवर लाल, हिरवा व निळा यांची नोंद होत असे. प्रिंट काढताना तीन रंगद्रव्ये एकावर एक छापली जात. छिटाच्या कापडावर ठशांनी रंग भरतात तसाच हा प्रकार. निगेटिव्ह नायट्रेटच्या असत आणि काळाच्या ओघात तिन्ही आकसत, पण सारख्या प्रमाणात नव्हे. मग ठसे जुळत नाहीत आणि आकृतींच्या कडांना रंगीत झालर दिसते. पूर्वीच्या प्रकाशीय पद्धतीत यावर पुरता इलाज नव्हता. 2015 च्या कामात तिन्ही पट्ट्या स्वतंत्रपणे 4के या अतिसूक्ष्म दर्जात स्कॅन करून चौकटीगणिक जुळवल्या गेल्या. सेकंदाला 24 चौकटी धरल्या तर एका मिनिटाच्या चित्रपटासाठी 4,320 प्रतिमा होतात. हे काम ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचे राष्ट्रीय संग्रहालय आणि स्कोर्सेसी यांची फिल्म फाउंडेशन यांनी स्टुडिओकॅनालच्या सहकार्याने केले. देखरेख करणाऱ्यांत स्कोर्सेसी यांच्यासह संकलक थेल्मा स्कूनमेकर होत्या. त्या पॉवेल यांच्या पत्नी. पिवळा कोठे थांबतो आणि सोनेरी कोठे सुरू होतो, अशा निर्णयांत त्यांच्या साक्षीला विशेष मोल आहे.

भारताशी या कामाचे एक नाते आहे. स्कोर्सेसी यांच्याच संस्थेच्या जागतिक चित्रपट प्रकल्पाने उदय शंकर यांचा ‘कल्पना’ (1948) हा नृत्यपट 2012 मध्ये पुनःस्थापित केला. त्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातील प्रती वापरल्या गेल्या. तेथे मूळ निगेटिव्हचा आधार नव्हता, त्यामुळे दोन्ही पुनःस्थापनांची तुलना करताना हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. नृत्यासाठीच रचलेले आणि नाटकाच्या चौकटीबाहेर पडू पाहणारे हे दोन चित्रपट अवघ्या तीन वर्षांच्या अंतराने झाले. मराठीत त्यांचा एकत्र विचार व्हायला हवा.

नव्या प्रतीत रंगांखेरीज काही दृश्येही परत आली आहेत. त्यांत उपसंहाराचा काही भाग आहे. या भागांना पॉवेल व प्रेसबर्गर यांची अंतिम संमती होती की ते त्यांनीच कापले होते, याचा निर्णय प्रत्येक तुकड्याबाबत वेगळा करावा लागतो. म्हणून 2015 च्या प्रतीला ‘मूळ’ म्हणण्यापेक्षा ‘सर्वांत भरीव’ म्हणणे अधिक योग्य. आधीपासून परिचित असलेल्या अखेरीच्या दृश्यात स्वतः बीचम शेवटचे सूर संचालित करतात, स्वरलिपीचे पुस्तक मिटते आणि त्यावर ‘मेड इन इंग्लंड’ असा शिक्का बसतो. नव्याने जोडलेल्या श्रेयनामावलीत रंगमंचावरच्या अभिवादनासारखे सारे पुढे येतात. पडद्यावर नाचलेल्या कलावंतांबरोबर त्यांना आवाज देणारे गायकही तेथे दिसतात. 1951 च्या प्रेक्षकाने डॉरथी बाँड यांचा गळा ऐकला होता, चेहरा पाहिला नव्हता.