शार्डोनेतले लोणी बॅरलमधून येत नाही

नाशिकच्या टेस्टिंग रूममध्ये शार्डोने या पांढऱ्या वाइनचे ग्लास भरले गेले की टेबलावरचे कोणी ना कोणी हमखास म्हणते, ‘मस्त बटरी आहे, ओकमध्ये ठेवलेली दिसते’, आणि बाकीचे माना डोलावतात. या एका वाक्यात दोन स्वतंत्र गोष्टी एकमेकींना चिकटवलेल्या असतात. शार्डोनेला येणारा लोण्याचा वास आणि वाइन ज्यात मुरवतात त्या बॅरलच्या ओक लाकडातून उतरणारा स्वाद यांचा उगम वेगळा, त्यांवर होणारा खर्च वेगळा आणि नको असल्यास ते टाळण्याची रीतही वेगळी. हा घोळ बोलण्यापुरता राहिला असता तर दुर्लक्ष करता आले असते. परंतु ज्याला लोण्याचा वास खपत नाही तो ‘अनओक्ड’, म्हणजे ओक न वापरलेली, असे लिहिलेली बाटली विश्वासाने घरी नेतो आणि तोच वास आल्याने हिरमुसतो. ज्याला लोणीच हवे असते तो बॅरलचे पैसे मोजून व्हॅनिला आणि लवंग विकत घेतो.

ओकविषयी येथे फार लिहायला नको. गंगापूर धरणाच्या बाजूची किंवा दिंडोरीकडची एखादी वायनरी पाहिलेल्या प्रत्येकाला बॅरलची थंड, अंधारी खोली दाखवलेली असते आणि तेथील माहिती बहुतेकांच्या लक्षातही राहते. लाकडातील व्हॅनिलिनमुळे व्हॅनिला, लॅक्टोन गटातील संयुगांमुळे नारळ (अमेरिकन ओकमध्ये तो अधिक), युजेनॉलमुळे लवंग, आणि बॅरल आतून भाजलेले असल्यामुळे टोस्ट व किंचित धूर, एवढा हा सारा हिशेब आहे. लवंगेचा वास हा येथे कविकल्पनेचा भाग नाही. लवंगेत जे युजेनॉल असते तेच ओकमध्येही असते. तिसऱ्या-चौथ्या वापरापर्यंत बॅरलमधील बराचसा स्वाद संपतो आणि त्यानंतर ते वाइनला अगदी थोडी हवा लागू देणारे भांडे म्हणून उरते.

लोण्याची गोष्ट मात्र कोणी नीट सांगत नाही, कारण तेथे दाखवण्यासारखे काही नसते. द्राक्षरसातील साखरेचे अल्कोहोल करण्याचे काम यीस्ट करते. ते झाल्यावर, किंवा काही वेळा त्याच्या जोडीनेच, ओइनोकॉकस ओएनाय नावाचे जिवाणू कामाला लागतात. हिरव्या सफरचंदाला जो झोंबणारा आंबटपणा असतो तो मॅलिक आम्लाचा. हे जिवाणू त्या मॅलिक आम्लाचे लॅक्टिक आम्ल करतात, म्हणजे दह्यातले सौम्य आम्ल. या प्रक्रियेत कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि 1 ग्रॅम मॅलिकपासून साधारण 0.67 ग्रॅम लॅक्टिक मिळते, त्यामुळे आंबटपणा जातीनेही बदलतो आणि मापानेही कमी होतो. यालाच मॅलोलॅक्टिक फर्मेंटेशन म्हणतात. हेच जिवाणू वाइनमधील थोड्याशा सायट्रिक आम्लावरही काम करतात आणि त्यातून डायअॅसिटिल नावाचे संयुग तयार होते. सायीला विरजण लावून घुसळलेल्या लोण्याला जो ओळखीचा वास येतो त्यातला मुख्य घटक हाच. शार्डोनेत तो लिटरला 0.2 मिलिग्रॅमच्या आसपास असला तरी नाकाला जाणवू लागतो. कॅबर्ने सोव्हिन्योंसारख्या भारी तांबड्या वाइनमध्ये त्याच्या कितीतरी पट असूनही तो लपून राहतो.

या संपूर्ण वर्णनात लाकूड कोठेही आलेले नाही, हे वाचकाने ध्यानात घ्यावे. मॅलोलॅक्टिक स्टीलच्या टाकीत होते, सिमेंटच्या टाकीत होते, बॅरलमध्येही होते. त्याला वीस अंशांच्या आसपासचे तापमान मानवते आणि सल्फर डायऑक्साइड मानवत नाही; वाइनमेकरला ते नको असेल तर तो वाइन थंड ठेवतो, सल्फर देतो आणि बाटलीत भरण्यापूर्वी ती बारीक फिल्टरमधून काढतो. म्हणजे लोणी असावे की नसावे हा निर्णय भांड्याचा नसून तापमानाचा, सल्फरचा आणि वेळेचा आहे.

वेळेचा मुद्दा तर फारच कमी लोकांना ठाऊक असतो. मॅलिक आम्ल संपत आलेले असते त्या सुमारास डायअॅसिटिलचे प्रमाण सर्वाधिक असते. तेव्हाच सल्फर देऊन जिवाणूंचे काम थांबवले तर लोण्याचा वास वाइनमध्ये राहतो. तीच वाइन यीस्टच्या गाळावर आणखी काही आठवडे तशीच राहू दिली तर यीस्ट आणि जिवाणू त्या डायअॅसिटिलचे जवळजवळ वास नसलेल्या संयुगांत रूपांतर करतात. वाइन गोलाईदार राहते, परंतु लोणी विरते. त्यामुळे ‘मॅलोलॅक्टिक झाले म्हणजे बटरी असणारच’ हे विधानही अर्धेच खरे आहे, आणि ते छातीठोकपणे सांगणाऱ्यांचा मला ओकवाल्यांइतकाच कंटाळा येतो.

दोन्ही बाजूंची उदाहरणे जगप्रसिद्ध आहेत. फ्रान्समधील शाब्ली ही वाइन म्हणजे शार्डोनेच आहे. ती बहुतांशी मॅलोलॅक्टिकमधून गेलेली असते आणि तिथल्या साध्या प्रतीच्या वाइनना सहसा नवे लाकूड शिवतही नाही. तरीही लोणी आणि व्हॅनिला यांपैकी काहीच हाती न लागता धारदार, दगडी चव समोर येते. उलट कॅलिफोर्नियातील शातो मॉन्टेलेना या वायनरीची 1973 सालची शार्डोने 1976 साली पॅरिसमध्ये लेबल झाकून घेतलेल्या त्या गाजलेल्या चाचणीत पांढऱ्या वाइनमध्ये पहिली आली. ही वायनरी आपली शार्डोने फ्रेंच ओकमध्ये ठेवते, परंतु मॅलोलॅक्टिक होऊ देत नाही. लाकूड आहे, लोणी नाही.

मग हा गोंधळ आला कोठून? फ्रान्समधील बर्गंडी प्रांताच्या जुन्या तळघरांत फर्मेंटेशनही बॅरलमध्येच होत असे. हिवाळ्यात सारे थंडावे आणि वसंतात तळघर उबदार झाले की त्याच बॅरलमध्ये मॅलोलॅक्टिक आपोआप सुरू होई. एकाच भांड्यात, एकाच हंगामात दोन्ही घडत गेल्याने ती एकच गोष्ट वाटू लागली. पुढे कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियाने विसाव्या शतकाच्या अखेरीस दोन्ही गोष्टी भरपूर वापरून जी जाड, गोडसर वासाची शार्डोने जगभर विकली, तिने हा समज पक्का केला. आपल्याकडील अनेकांची शार्डोनेशी पहिली ओळख तिच्यामार्फत झाली, त्यामुळे त्यांना दोष तरी किती द्यावा.

नाशिकमध्ये या निर्णयाला आणखी एक पदर आहे. येथे छाटणी पावसाळा संपता संपता होते आणि वाइनची द्राक्षे साधारण जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत उतरवली जातात, म्हणजे पिकण्याचा शेवटचा टप्पा वाढत्या उन्हात येतो. उष्णतेत वेल मॅलिक आम्ल खर्च करून टाकते. द्राक्षातले दुसरे आम्ल, टार्टारिक, त्या मानाने टिकते. मुळात मॅलिक कमी उरलेल्या रसावर पूर्ण मॅलोलॅक्टिक केले तर वाइन सपक होण्याचा धोका असतो आणि मग बाहेरून टार्टारिक घालून तोल सावरावा लागतो, जी उष्ण प्रदेशांतील नित्याची पद्धत आहे. माझे स्पष्ट मत असे की आपल्या हवेतल्या शार्डोनेला मॅलोलॅक्टिक अजिबात न करणे किंवा एकूण वाइनच्या थोड्याच भागावर करून तो भाग उरलेल्या वाइनमध्ये मिसळणे, हेच दोन मार्ग शोभतात. शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन पिऊन तयार झालेल्या नाशिककर जिभेला तो ताजा आंबटपणा हवाच असतो, आणि लोण्याच्या हव्यासापायी तो गमावणे मला पटत नाही.

आता पैशांकडे वळू. नेहमीच्या 225 लिटरच्या बॅरलमधून सुमारे 300 बाटल्या भरतात. नवे फ्रेंच ओक बॅरल साधारण 800 ते 1000 युरोंना पडते, वाहतूक वेगळी. एकदाच वापरले तर दर बाटलीमागे अडीच-तीन युरोंचा भार नुसत्या लाकडाचा होतो, आणि तीन-चार हंगामांत वाटला तरी तो नगण्य राहत नाही. जिवाणूंच्या कल्चरचा खर्च त्यापुढे किरकोळ आहे. तेव्हा स्वस्त शार्डोने लोण्याची असेल तर त्यात संशय घेण्याजोगे काही नाही. स्वस्त शार्डोने व्हॅनिलाने घमघमत असेल तर ते बॅरल नसून टाकीत सोडलेले ओकचे तुकडे किंवा पट्ट्या असण्याची शक्यता दाट आहे. ही पद्धत बेकायदा नाही. युरोपीय संघानेही 2006 साली ती मान्य केली. परंतु तिच्यातला व्हॅनिला वाइनवर वरून लावल्यासारखा वेगळा जाणवतो, तर बॅरलमध्येच फर्मेंटेशन झालेल्या वाइनमध्ये यीस्ट लाकडातील काही संयुगे बदलून टाकत असल्याने ओक आत मुरलेला लागतो. ‘बॅरल फर्मेंटेड’ आणि ‘ओक एज्ड’ या दोन शब्दप्रयोगांत निवड करायची झाल्यास मी पहिल्यालाच जास्त पैसे देईन.

लेबलवरील ‘रिझर्व्ह’ या शब्दाला मात्र कोणी भुलू नये. स्पेनमध्ये ‘रिझर्व्हा’ला मुरवण्याच्या कालावधीचे कायदेशीर बंधन आहे, कॅलिफोर्नियात वा ऑस्ट्रेलियात तसे काही नाही, आणि आपल्याकडेही त्या शब्दावरून बाटलीत काय आहे ते कळत नाही. मागच्या लेबलवरील ‘क्रीमी’ हा शब्द लोण्याकडे, ‘टोस्टी’ हा लाकडाकडे बोट दाखवतो, आणि ‘स्मूद’ हा कशाकडेही नाही.

ग्लासात फरक ओळखणे कठीण नाही, फक्त वाइन बर्फासारखी गार नसावी. घरच्या फ्रिजमधून थेट काढलेल्या शार्डोनेत लोणीही कळत नाही आणि ओकही. दहा-बारा अंशांवर येईपर्यंत तिला पंधरा-वीस मिनिटे टेबलावर राहू द्यावे. लोण्याचा वास नाकाला लगेच येतो, पॉपकॉर्नची आठवण होते, आणि तोंडात मधल्या भागात गोलाई जाणवते, पण हिरड्यांना काही होत नाही. ओक असेल तर घोट गिळल्यावर हिरड्यांवर किंचित तुरटपणा रेंगाळतो, कारण लाकडातून टॅनिनही उतरते. गाळावर ठेवल्यामुळे येणारा तिसरा, पावासारखा वास आणि भरीवपणा या दोहोंपासून वेगळा काढता येतो, परंतु त्याने सहसा कोणी फसत नाही. जेवणाचा विचार केला तर तिखट रश्श्याबरोबर ओकची शार्डोने कडवट लागते; तव्यावर साध्या मसाल्यात परतलेल्या पापलेटाबरोबर ओक नसलेली बाटली जास्त शोभते.

खरेदी करताना नाशिक जिल्ह्यातील रेव्हेलो आणि अकलूजची फ्रातेल्ली या वायनरींच्या शार्डोने शेजारी ठेवून पाहाव्यात. आयात बाटल्यांवर वर्षानुवर्षे 150 टक्के मूळ आयात शुल्क होते, म्हणून तीच रक्कम परदेशी बाटलीवर घातली की हातात पडणारी वाइन खालच्या प्रतीची असे. ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार 29 डिसेंबर 2022 रोजी लागू झाला तेव्हा 5 ते 15 अमेरिकी डॉलर आयात किमतीच्या बाटल्यांचे शुल्क 100 टक्क्यांवर आले आणि ते तेव्हापासून दहा वर्षांत 50 टक्क्यांपर्यंत उतरायचे आहे, त्यामुळे ऑस्ट्रेलियन शार्डोने आता तुलनेत घेण्याजोगी झाली आहे. दुकानदाराला ‘ओकची आहे का’ एवढेच विचारून थांबू नये. मॅलोलॅक्टिक झाले आहे का, हे वायनरीच्या माहितीपत्रकात पाहावे किंवा टेस्टिंग रूममध्ये थेट विचारावे. आणि ओक नसलेली नाशिकची शार्डोने घेताना बाटलीवरील साल तपासावे: दोन वर्षांहून जुनी, उन्हात चमकणाऱ्या शोकेसमध्ये उभी राहिलेली बाटली सवलतीत मिळाली तरी घेऊ नये.