रिपन (वानाका, न्यूझीलंड)

रिपन ही न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, सेंट्रल ओटागो भागात वानाका तळ्याच्या अगदी काठावर असलेली एका कुटुंबाची छोटी वायनरी आहे. बाग साधारण १५ हेक्टरची, म्हणजे आपल्या हिशोबाने सदतीस एकर, आणि वाइन बनते ती याच बागेतल्या द्राक्षांची. बुटीक वायनरी हा शब्द हल्ली कुणीही वापरतं, छान टेस्टिंग रूम आणि महागडं लेबल असलं की झालं. पण माझ्या मते बुटीक म्हणजे जमीन, वेल, तळघर आणि बाटली हे सगळं एकाच घराच्या नजरेखाली असणं, आणि त्या अर्थाने रिपनइतकं चांगलं उदाहरण मिळणं अवघड.

आधी थंड हवामानाचं. वाइनच्या जगात ज्या भागात वेल वाढायच्या हंगामात सरासरी तापमान साधारण १३ ते १५ अंश सेल्सिअस असतं त्याला थंड म्हणतात. सेंट्रल ओटागो दक्षिणेला ४५ अंश अक्षांशाच्या आसपास आहे, चारी बाजूंनी डोंगर, दिवसा कडक ऊन आणि रात्री चांगलीच थंडी. आपल्या नाशिककडच्या बागाईतदाराला हे चित्र उलटं वाटेल. आपल्याकडे वेल कधी झोपतच नाही म्हणून वर्षात दोन छाटण्या घ्याव्या लागतात, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, आणि माल निघतो जानेवारी ते मार्चमध्ये. वानाकाला वेल हिवाळाभर, म्हणजे तिथल्या जून ते ऑगस्टमध्ये, पानं गाळून निपचित पडलेला असतो, जुलै-ऑगस्टमध्ये एकच छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरला डोळे फुटतात, डिसेंबरात फुलोरा आणि तोडा मार्चच्या शेवटापासून एप्रिलमध्ये. मणी सावकाश पिकतो, रात्रीच्या गारव्यामुळे आतली आंबटाई टिकते, साखर उगाच चढत नाही आणि वास भरायला वेळ मिळतो. थंड भागातल्या वाइनची जी ताजी, धारदार चव म्हणतात ती इथून येते.

या भागात द्राक्ष काही नवीन नाही. १८६० च्या दशकात सोन्याच्या शोधात माणसं आली त्यात ज्यां देझिरे फेरो नावाचा फ्रेंच माणूस होता, त्याने १८६४ च्या सुमारास क्लाइड गावाजवळ वेल लावले आणि वाइन केली. १८९५ मध्ये रोमिओ ब्रागाटो या तज्ज्ञाने फिरून पाहून सांगितलं की ही जमीन द्राक्षाला चांगली आहे. तरी पुढे कितीतरी वर्षं काहीच झालं नाही, मेंढ्या आणि जर्दाळूच्या बागा एवढंच, कारण इथे इतकी थंडी की वाइनचं द्राक्ष पिकणारच नाही असं सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

वानाकाची ही जमीन १९१२ पासून एकाच घराकडे आहे. पर्सी सारगुड यांनी तेव्हा इथली मोठी मेंढपाळी इस्टेट घेतली, आणि रिपन हे नाव त्या घरातल्या एमा रिपन या पूर्वज बाईंचं. पर्सींचे नातू रोल्फ मिल्स यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पोर्तुगालच्या डूरो खोऱ्यात शिस्टच्या उतारावर द्राक्षबागा पाहिल्या होत्या आणि घरचा दगडही तोच हे त्यांच्या लक्षात राहिलं. शिस्ट म्हणजे पापुद्र्या-पापुद्र्याचा, अभ्रकासारखा चमकणारा दगड, फोडला की पानं सुटावीत तसा सुटतो. १९७५ च्या सुमाराला रोल्फ आणि त्यांच्या पत्नी लोइस यांनी वेगवेगळ्या जातींच्या ओळी फक्त बघायला म्हणून लावल्या, आणि विक्रीच्या हिशोबाने पहिली लागवड १९८२ मध्ये केली. सात वर्षं नुसतं बघण्यात घालवायची! याच काळात याच भागातल्या गिब्स्टनकडे अ‍ॅलन ब्रॅडी आणि क्वीन्सटाउनजवळ अ‍ॅन पिंकनी यांचेही असेच प्रयोग चालू होते. आज सेंट्रल ओटागोत जवळपास २,००० हेक्टर बागा आहेत आणि त्यातला सुमारे ८० टक्के हिस्सा एकट्या पिनो न्वार या लाल वाइनच्या द्राक्षाचा आहे.

थंड भागात सगळ्यात मोठी भीती वसंतातल्या हिमकडाक्याची. नुकता फुटलेला डोळा एका रात्रीत करपतो आणि मग वर्ष गेलं. थंड हवा जड असते, ती पाण्यासारखी उतारावरून वाहून खोलगटात साचते. गिब्स्टन, क्रॉमवेलकडे यासाठी शेतात मोठे पंखे उभे असतात, कधी पहाटे हेलिकॉप्टर भाड्याने आणून वरची उबदार हवा खाली ढकलतात. काही जण वेलांवर रात्रभर पाण्याचे फवारे चालू ठेवतात, पाणी गोठताना जी उष्णता सोडतं तिच्यामुळे बर्फाच्या आत असलेला कोंब शून्याच्या फार खाली जात नाही. सकाळी बघाल तर प्रत्येक हिरवा कोंब काचेच्या गोळीत बंद केल्यासारखा दिसतो. निफाडला पारा उतरला की आपले शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबक चालू करतात, कारण थंडीने मण्याची फुगवण थांबते, मणी तडकतात. धडपड तीच. रिपनला मात्र तळ्याची मोठी साथ आहे. वानाका तळं ३०० मीटरहून खोल आहे, एवढं पाणी दिवसाची ऊब धरून ठेवतं आणि रात्री हळूहळू सोडतं, शिवाय बाग उतारावर असल्यामुळे थंड हवा तळ्याकडे निघून जाते.

उतार उत्तरेकडे आहे, म्हणजे दक्षिण गोलार्धात सूर्याकडे तोंड करून. वेलांना पाणी दिलं जात नाही, पावसावर जगतात, त्यामुळे मुळं पाण्यासाठी दगडाच्या फटीत खोल जातात. जुने वेल कलमाशिवाय स्वतःच्याच मुळांवर उभे आहेत. आपल्याकडे क्षार आणि पाण्याच्या ताणासाठी डॉगरिजसारखा रूटस्टॉक, म्हणजे कलमासाठी खाली दुसऱ्या जातीचं मूळ, लावूनच बाग धरतात, तेव्हा हे केवढं धाडस आहे ते द्राक्षवाल्याला लगेच कळेल.

आता कारभार रोल्फ आणि लोइस यांचा मुलगा निक मिल्स बघतो. तो फ्रान्सच्या बर्गंडीत चार वर्षं शिकून २००२ मध्ये घरी परतला आणि बाग बायोडायनॅमिक पद्धतीवर नेली. या पद्धतीत गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर जमिनीत पुरतात, वसंतात काढून तासभर पाण्यात ढवळतात आणि जमिनीवर शिंपडतात. जीवामृत करणाऱ्याला हे ओळखीचं वाटेल. त्या शिंगात काय घडतं यावर वाद घालणारे घालोत, पण हे सगळं करायला माणसाला बागेत रोज हिंडावं लागतं, आणि मला वाटतं खरा फरक त्यानेच पडतो. तोडा हाताने होतो, वाइन आंबवायला विकतचं यीस्ट न टाकता बागेतून आलेल्या यीस्टवर भरवसा ठेवतात.

पिनो न्वार हे पातळ सालीचं, गच्च घडाचं आणि नाजूक द्राक्ष, जमीन जराशी बदलली तरी चव बदलते. म्हणून रिपन दोन तुकड्यांची वाइन वेगळी भरते. टिंकर्स फील्ड हा शिस्टच्या खडीचा तुकडा, रोल्फ यांच्या टिंक या टोपणनावावरून. एमाज ब्लॉक तळ्याकडे पूर्वेला कललेला, त्यात चिकणमातीचे पट्टे आहेत. याशिवाय रीसलिंग, गेवुर्त्सट्रामिनर, गामे आणि ऑस्टाइनर ही फारशी कुठे न मिळणारी जातही आहे. कोवळ्या वेलांचं पिनो जुन्या वेलांच्या वाइनमध्ये मिसळत नाहीत, ते झ्यनेस नावाने निराळं भरतात. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ तारुण्य. मुळं खोल गेली, वेल स्थिरावला की मगच त्याचं द्राक्ष मुख्य वाइनमध्ये जातं.