चाकामागचं चाक : हौशी सायकल शर्यतीतल्या संघडावांची पार्श्वभूमी

ऑक्टोबर २०१९ मध्ये गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर आयर्नमॅन ७०.३ ही तिहेरी शर्यत पहिल्यांदा झाली. १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणं. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी वाकड्या हँडलची पहिली सायकल त्या निमित्तानेच घेतली. त्याआधी गोव्यात सायकल म्हटली की डोळ्यांसमोर यायचा तो पदेर, मागे पावाची टोपली आणि हातात पों-पों वाजणारा भोंगा. आयर्नमॅनमध्ये एक नियम फार कडक असतो. पुढच्या स्पर्धकाच्या आणि आपल्या पुढच्या चाकांमध्ये १२ मीटर अंतर ठेवायचं. ओलांडायचं नसताना त्याच्या आडोशाला चिकटून राहिलात तर ५ मिनिटांचा दंड. म्हणजे आमच्याकडची हौशी सायकलस्वारांची एक अख्खी पिढी रस्त्यावर उतरली तीच मुळी 'दुसऱ्याच्या मागे लपणं म्हणजे लबाडी' हा धडा गिरवून.

मग हीच मंडळी रोड रेसला, म्हणजे सगळे एकत्र सुटतात आणि आडोसा घेणं चालतं अशा शर्यतीला, जातात आणि तोंडावर आपटतात. घाटापलीकडच्या एका शर्यतीत आम्ही फोंड्याचे पाच जण गेलो होतो. पाचही जण तयारीचे. सुरुवातीपासून आम्ही आळीपाळीने पुढे राहून वारा अंगावर घेतला. दुसऱ्या एका क्लबची पोरं पन्नासेक किलोमीटर आमच्या मागे गप्पा मारत आली आणि शेवटच्या तीनशे मीटरमध्ये आम्हाला दगडासारखं मागे टाकून गेली. आम्ही पाच जण होतो, संघ नव्हतो. या दोन गोष्टींतला फरक सायकलिंगच्या जगाला कळायला पन्नासेक वर्षं लागली. त्यामुळे आम्हाला एक रविवार लागला याची लाज वाटत नाही.

सगळ्याचं मूळ हवेत आहे. सपाट रस्त्यावर वेग वाढला की सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते. ताशी ३० चा वेग ४० वर न्यायचा तर हवेविरुद्ध लागणारी ताकद सव्वादोन पटींहून जास्त वाढते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात चढते. पुढच्याच्या चाकाला चिकटलेल्याची ताकद बरीच वाचते. घोळक्याच्या पोटात तर काही विचारूच नका. नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या बर्ट ब्लोकेन यांच्या गटाने २०१८ मध्ये १२१ स्वारांच्या घोळक्याचा अभ्यास केला. एकट्या स्वाराला जेवढा हवेचा विरोध होतो, त्याच्या अवघा ५ ते १० टक्के विरोध आतल्या मागच्या जागांवर भरला. चोर्ला घाटात मात्र हे गणित कोसळतं. वेग दहा-बारावर आला की आडोशाला किंमत उरत नाही. तिथे ज्याचे पाय त्याचा घाट. सपाटीवर दहा जणांनी मिळून पाठलाग केला तर एकटा पळालेला बहुधा सापडतो, घाटावर तो सुटू शकतो. रोड रेसमधले निम्मे डाव एवढ्यावरून उलगडतात.

आडोशाचा हा फायदा पहिल्या शर्यतींपासून सगळ्यांना ठाऊक होता. नोव्हेंबर १८६९ मध्ये पॅरिस ते रुआँ ही १२३ किलोमीटरची शर्यत झाली आणि ती जेम्स मूर या इंग्रजाने जिंकली. तिथे अजून जो तो आपापला होता. १८९१ साली बोर्दो ते पॅरिस या सुमारे ५७० किलोमीटरच्या शर्यतीत चित्र पालटलं. इंग्रज स्पर्धक हौशी होते आणि व्यावसायिकांबरोबर आम्ही धावणार नाही असा त्यांचा आग्रह होता. पण वाटेत ताज्या दमाचे पेसमेकर त्यांना पुढून ओढत होते. जी. पी. मिल्स जिंकला आणि पहिले चारही क्रमांक इंग्रजांनी नेले. 'हौशी' हा शब्द शुद्धतेचं सोवळं नेसून मिरवतो, पण रस्त्यावरच्या नियोजित मदतीच्या पहिल्या मोठ्या धड्यांपैकी एक हौश्यांनीच दिला, हे मला फार आवडतं.

पुढे त्याच इंग्लंडने उलटी वाट धरली. घोडागाड्या बुजतात, पोलीस चिडतात, सायकलींवर बंदीच येईल या भीतीने तिथल्या संघटनेने रस्त्यावरच्या घोळक्याच्या शर्यती बंद केल्या. एफ. टी. बिडलेक यांनी १८९५ मध्ये टाइम ट्रायलची पद्धत रूढ केली. एकेकाला ठराविक अंतराने सोडायचं, घड्याळाशी झुंजवायचं. स्पर्धक पहाटे निघायचे, लक्ष वेधू नये म्हणून काळे कपडे घालायचे आणि शर्यतीच्या मार्गांना सांकेतिक नावं असायची. जवळपास अर्धं शतक इंग्लंडचे सायकलस्वार ताकदीत कुणाला हार जाणारे नव्हते, पण घोळक्यात कसं वागायचं याची सवयच त्यांना राहिली नाही. जून १९४२ मध्ये पर्सी स्टॅलर्ड यांनी लँगॉलेन ते वुल्व्हरहॅम्प्टन अशी एकत्र सुटणारी शर्यत भरवली. बक्षीस म्हणून संघटनेने त्यांनाच बाहेर काढलं. आमच्या आयर्नमॅनवाल्यांकडे पाहिलं की मला ते काळ्या कपड्यातले इंग्रज आठवतात.

फ्रान्समध्ये एकांताचा हट्ट धरला तो टूर द फ्रान्सचा जनक आंरी देग्रांज याने. १८९३ मध्ये तासाभरात ३५.३२५ किलोमीटर कापून विक्रम करणारा हा गडी. एकटा माणूस, एकटी सायकल, बाकी सगळी फसवणूक, असा त्याचा खाक्या. १९०३ ची पहिली टूर मोरीस गारांने जिंकली. ६० जण निघाले, २१ पोचले. सायकल मोडली तर स्वतःच दुरुस्त करायची. १९१३ मध्ये युजेन क्रिस्तोफचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, पिरेनीजमध्ये तुटला. सायकल खांद्यावर टाकून तो खालच्या गावात चालत गेला आणि लोहाराच्या भट्टीवर स्वतः फोर्क जोडला. भाता एका पोराने हलवला म्हणून त्याला वर वेळेचा दंड झाला!

पण वाऱ्याला देग्रांजचे नियम कुठे माहीत होते? १९११ मध्ये मोरीस ब्रोक्को नावाचा स्वार स्पर्धेत मागे पडला, तेव्हा त्याने फ्रांस्वा फाबेरला घोळक्यापर्यंत ओढून नेण्याचं काम पत्करलं. देग्रांजने चिडून त्याची 'डोमेस्टिक' म्हणून संभावना केली. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ घरगडी. डिवचलेल्या ब्रोक्कोने पुढचा टप्पा जिंकला. देग्रांजचं मत त्यावर असं की एवढी ताकद असलेला माणूस आधी मुद्दाम मागे राहिला, म्हणजे त्याने स्वतःला विकलंच. ब्रोक्को स्पर्धेबाहेर गेला, शिवी मात्र राहिली आणि कालांतराने पदवी झाली. आज 'मी डोमेस्टिक आहे' असं लोक अभिमानाने सांगतात. आमच्याकडे याला नेमका शब्द नाही. कुणी 'हमाल' म्हणतं. मला भोई जवळचा वाटतो. जत्रेत पालखी चालू असतानाच भोई खांदा बदलतात, पालखी थांबत नाही आणि लोकांचं लक्ष आतल्या देवाकडे असतं.

१९३० मध्ये देग्रांज नमला आणि टूरमध्ये राष्ट्रीय संघ आले. त्याच वर्षी गालिबिएचा घाट उतरताना पिवळ्या जर्सीतला, म्हणजे एकूण आघाडीवर असलेला, आंद्रे लेड्युक आपटला आणि पुढे त्याचं पेडलही मोडलं. फ्रेंच सहकारी त्याच्यासाठी थांबले, त्याला मध्ये घेऊन पुढच्या इटालियनाला गाठलं आणि लेड्युकने टप्पाही जिंकला. १९३४ मध्ये वीस वर्षांच्या रने व्हिएतोने आपलं चाक काढून संघनायक आंतोनँ मान्यला दिलं. दुसऱ्या दिवशी मान्य पुन्हा अडचणीत आला, तेव्हा पुढे असलेला व्हिएतो घाटात उलटा फिरून त्याच्याकडे गेला. दगडी कठड्यावर बसून रडणाऱ्या व्हिएतोचं छायाचित्र जगभर गेलं. टूर मान्यने जिंकली, व्हिएतो पाचवा आला. लोकांना आजही आठवतो तो व्हिएतो.

आता थोडं आपल्या दारचं. गोव्यात बेनफिका आणि स्पोर्टिंग या लिस्बनच्या क्लबांचं नाव घेतलं की फुटबॉल. पण बेनफिकाचा लाल बनियन घालून फिरणाऱ्या पोराला छातीवरचं चिन्ह नीट बघायला सांगा. त्यात सायकलचं चाक आहे. पोर्तुगालची व्होल्टा ही टप्प्याटप्प्यांची शर्यत १९२७ मध्ये सुरू झाली. १९३० च्या दशकात बेनफिकाचा जुझे मारिया निकोलाव आणि स्पोर्टिंगचा आल्फ्रेदु त्रिंदाद यांच्या चढाओढीने तो देश वेडावला होता. निकोलाव १९३१ आणि १९३४ चा विजेता, त्रिंदाद १९३२ आणि १९३३ चा. तिथे सायकलस्वार क्लबच्या रंगासाठी धावायचा. पोर्तुगीज काळात आपल्याकडे फुटबॉल रुजला, पण सायकल शर्यतीची ही परंपरा इकडे काही पोचली नाही.

मराठी मुलखात मात्र मुंबई–पुणे शर्यत १९४० च्या दशकापासूनची. मध्ये खंड पडले तरी नाव टिकलं. तिच्यात बोरघाट पहिला चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. पण लोणावळ्यापासून पुण्यापर्यंत साठेक किलोमीटर पठार उरतं आणि तिथे एकटा राजा घोळक्याच्या तावडीत सापडू शकतो. राजाला प्रजा लागते, हे तिथे आपोआप कळतं. गोव्यातून जाणाऱ्यांना चोर्ला आणि अनमोड चढून घाटाचा सराव असतो. आमची पंचाईत वर पोचल्यावर सुरू होते.

हौशी संघापुढचा खरा पेच पगाराचा आहे. व्यावसायिक डोमेस्टिकला महिन्याचे पैसे मिळतात. हौशी गडी स्वतःची सुट्टी काढतो, स्वतःच्या गाडीला सायकल बांधून पहाटे तीनला निघतो, प्रवेश फी भरतो आणि मग दुसऱ्यासाठी मरेस्तोवर ओढून चाळिसावा येतो. का करावं त्याने? जुन्या ऑलिम्पिकमध्ये यावर एक तोड होती. १९१२ पासून १९५६ पर्यंत रोड रेसमध्ये स्वारांच्या वेळा किंवा क्रमांक मिळवून संघालाही पदक मिळायचं. १९६० ते १९९२ चौघांची १०० किलोमीटर टीम टाइम ट्रायल होती, आणि तिसऱ्या स्वाराची वेळ ती संघाची वेळ. म्हणजे एकाला झिजवून टाकता यायचं, दोघांना नाही. पूर्व युरोपातल्या हौशी स्वारांची पीस रेस १९४८ मध्ये सुरू झाली. तिच्यात आघाडीच्या संघाच्या सगळ्यांना निळी जर्सी मिळे. आपल्याकडच्या बहुतेक हौशी शर्यतींत मंचावर तीनच माणसं चढतात आणि पाकिटावर एकच नाव असतं.

म्हणून हौशी संघात हिशेब पाळीचा असतो. डिसेंबरच्या शर्यतीत तू, जानेवारीत मी. आणि ओढण्यापेक्षा न ओढणं हा डाव जास्त चालतो, तो लोकांना उशिरा कळतो. आपला एक गडी पुढे निसटलेल्या चौघांत असेल तर मागच्यांनी पाठलागाला हात लावायचा नाही. दुसऱ्या क्लबवाल्यांच्या चाकाला चिकटायचं, पुढे जायची पाळी आली की हलकेच वेग मोडायचा. मागून शिव्या येतात, त्या खायच्या. पुढच्या चौघांत वेगळीच घासाघीस चालते. सगळ्यांनी ओढलं तर चौघेही सुटतात, पण जो कमी ओढेल तो शेवटी ताजा राहतो. तेव्हा ज्याचा पट्टीचा स्प्रिंटर मागे घोळक्यात आहे तो 'माझा माणूस मागे आहे, मी का ओढू' म्हणून मोकळा होतो. बाजारात मासळीचा भाव करावा तसं हे सगळं धापा टाकत चालतं.

बाजूच्या वाऱ्याचा डाव तर आमच्या भूगोलात फुकट मिळालाय. फ्रेंच आणि डच दोघेही त्याला 'पंखा' म्हणतात. वारा डावीकडून आला की आडोसा मागे राहत नाही, उजवीकडे तिरका सरकतो. मग स्वार रस्त्याच्या रुंदीभर तिरकी रांग लावतात. रस्ता संपला की रांगेतली जागा संपते आणि उरलेले कडेच्या पांढऱ्या पट्टीवर एकामागोमाग वाऱ्यात उघडे पडतात. आपले समुद्री वारे पश्चिमेचे आणि वेर्ण्याच्या पठारावरचा हमरस्ता उत्तर-दक्षिण. सकाळी दहानंतर तिथे पंखा आपोआप उलगडतो. अर्थात हा धडा बंद रस्त्यावरचा आहे. चालू वाहतुकीत रस्ताभर पसरणं म्हणजे ट्रकखाली जायचं आमंत्रण. म्हणून आम्ही तिथे दोघा-तिघांचाच पंखा करतो.

आणि संघ असूनही संघ न उरल्याचं उदाहरण हवं असेल तर टोकियो ऑलिम्पिकमधली महिलांची रोड रेस पाहावी. २५ जुलै २०२१, अंतर १३७ किलोमीटर. नेदरलँड्सच्या चार जणी, चौघीही जगात गाजलेल्या. ऑस्ट्रियाची आना कीझेनहोफर एकटीच, कुठल्याही व्यावसायिक संघात नसलेली, पेशाने गणिताची संशोधक. निशाण पडताच ती पळाली. ऑलिम्पिकमध्ये पुढची खबर देणारा कानातला रेडिओ नसतो. पुढे पळालेल्या बाकीच्यांना गाठल्यावर डच मुलींना वाटलं, सगळ्या सापडल्या. आनेमीक फान फ्लॉयटेनने रेषा ओलांडताना हात वर केले, आणि मग तिला कळलं की सुवर्ण ७५ सेकंद आधीच कुणीतरी नेलंय. चौघी असून पुढे नेमकं कोण आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्यानंतर आमच्या ग्रुपमध्ये एक काम ठरवून वाटून दिलंय, ते म्हणजे मोजायचं. किती पुढे गेले आणि त्यात कोण, हे एकाने सतत ओरडत राहायचं. सध्या ते काम माझ्याकडे आहे, कारण माझे पाय आता स्प्रिंटचे राहिले नाहीत, पण आवाज अजून शाबूत आहे. रविवारी बाणस्तारीहून जुन्या गोव्यामार्गे रायबंदरच्या बांधावर आलो की सात जणांची रांग फिरवायचा सराव करतो. पुढचा बाजूला सरतो, मागे मागे येतो, शेवटच्याने 'आलो' म्हटलं की मागे आलेल्याने त्याचं मागचं चाक धरायचं. कधीकधी रांगेच्या शेपटाला एखादा पदेरही लागतो, टोपली रिकामी करून घरी निघालेला. तो पणजीपर्यंत फुकट येतो, एकदाही पुढे येत नाही, आणि वळणावर भोंगा वाजवून निघून जातो.